“आय रिस्पेक्ट ऑल कल्चर्स”: एका मुलाखत-कार्यशाळेचा साडेचार हजारांचा हिशेब

पुण्यात डेक्कनच्या बाजूला शनिवार-रविवारी चालणारी ही कार्यशाळा. दोन दिवस, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, अठरा जणांची बॅच, फी ४,५०० रुपये. त्यात चाळीस पानी पुस्तिका, दुपारचं जेवण आणि रविवारी प्रत्येकाची एक सराव-मुलाखत. विषय एकच: वेगळ्या देशातल्या, वेगळ्या रीतीच्या माणसांबरोबर काम करताना तुम्ही कसं बोलता, कसं जुळवून घेता, नोकरीच्या मुलाखतीतल्या या जातीच्या प्रश्नांना उत्तर कसं द्यायचं. क्लासचं नाव इथे देत नाही. दोष एका क्लासचा कमी आणि ही उत्तरं शिकवण्याच्या पद्धतीचा जास्त आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. शनिवार वाया, रविवार वसूल.

हा प्रश्न पुण्यात हमखास येतो. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या टीमचा निम्मा दिवस परदेशातल्या कोणाशी तरी बोलण्यात जातो, आणि चाकणला जर्मन मोटारींचे कारखाने आहेत. प्रश्न दरवेळी वेगळे कपडे घालून येतो. “परदेशी सहकाऱ्याबरोबर गैरसमज झाल्याचा एखादा प्रसंग सांगा.” “वेगळ्या पार्श्वभूमीच्या लोकांशी बोलताना तुमच्या पद्धतीत काय बदल करता?” “क्लायंट एकदम तोंडावर फटकळ बोलला तर?” “ऑनसाइटचा, म्हणजे क्लायंटकडे बसलेला मॅनेजर चुकीचं सांगतोय असं वाटलं तर काय कराल?” आतला सवाल मात्र एकच. समोरच्याला तुमचं बोलणं कळलं नाही, हे तुम्हाला कसं कळतं? आणि कळल्यावर तुम्ही काय बदलता?

शनिवारच्या सहा तासांत हा सवाल एकदाही आला नाही.

पुस्तिकेत चाळीस प्रश्न आणि चाळीस तयार उत्तरं आहेत. त्यातली बरीचशी एकाच साच्यातली: मी सर्व संस्कृतींचा आदर करतो, माझे विचार खुले आहेत, मी उत्तम श्रोता आहे, विविधतेतून नवनव्या कल्पना येतात. हे सगळं खरं असू शकतं, पण पॅनेलवरच्या माणसाला यातलं काहीच लिहून घेता येत नाही. त्याच्या हातातल्या कागदावर ‘पुरावा’ असा रकाना असतो, नाहीतर डोक्यात तरी असतो. ‘आदर करतो’ हा पुरावा नव्हे. तो निवडणुकीच्या जाहीरनाम्यातला मजकूर झाला. शिवाय दिवसभरात चार उमेदवारांनी तेच वाक्य म्हटलं की पाचव्याचं खरंखुरं उत्तरही पाठ केल्यासारखं ऐकू येतं.

पुस्तिकेच्या अकराव्या पानावर देशांचा तक्ता आहे. भारत ७७, जपान ५४, अमेरिका ४०, जर्मनी ३५. हे ‘सत्तेतलं अंतर’ या मापाचे आकडे, म्हणजे वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातली दरी लोक किती स्वाभाविक मानतात याचे. डच अभ्यासक गेर्ट होफस्टेड यांनी आयबीएमच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर हे काम उभं केलं आणि १९८० साली ते प्रसिद्ध झालं. आकडे खरे आहेत, तक्ताही बरोबर छापलाय. पण ते देशांच्या सरासरीचे आकडे आहेत, समोर बसलेल्या एका माणसाबद्दल ते काहीही सांगत नाहीत. होफस्टेड यांनी स्वतःच हा इशारा देऊन ठेवलाय, पण पुस्तिकेत तो नाही. उलट तक्त्याखाली सूचना आहे: “मुलाखतीत हे आकडे सांगितल्यास चांगली छाप पडते.”

छाप पडते, पण कसली? पॅनेलवरचा जर्मन मॅनेजर ऐकत असतो आणि उमेदवार त्याला सांगतो की जर्मन लोक थेट बोलतात, वेळ पाळतात, त्यांना आखीव काम लागतं. तो हसून मान डोलावतो. त्याच्या कागदावर मात्र जाते ती नोंद अशी, की हा माणूस माणसाआधी पासपोर्ट बघतो. गटाबद्दल बोलायचंच असेल तर वाक्य आपल्या बाजूने सुरू करावं. “जर्मन असे असतात” म्हणण्याऐवजी “त्या टीममधले दोघे जण मुद्दा आधी आणि कारण नंतर सांगायचे, मी उलट करत होतो, म्हणून माझा मुद्दा त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता.” पहिल्या वाक्यात ऐकीव शहाणपण आहे, दुसऱ्यात पाहिलेली गोष्ट. तक्ता वाचायला हरकत नाही, पण तो घरी ठेवून जावं.

शनिवारी दुपारनंतर स्टार पद्धत, म्हणजे प्रसंग चार भागांत सांगायचा: परिस्थिती, काम, कृती, परिणाम. पद्धत चांगली आहे आणि बऱ्याच कंपन्यांत मुलाखत घेणाऱ्यांनाही हीच शिकवलेली असते. गडबड वेळेच्या वाटणीत आहे. इथे चारही भागांना तीस-तीस सेकंद द्यायला सांगतात. मग पहिलं पूर्ण मिनिट ‘आमची कंपनी, आमचा प्रोजेक्ट, आमचं मॉड्यूल’ यातच जातं, आणि ज्यासाठी प्रश्न विचारला त्या भागाला अर्धं मिनिट उरतं. दोन मिनिटांच्या उत्तराची आमच्या मते बरी वाटणी अशी: पंधरा-वीस सेकंदांत परिस्थिती, वीस सेकंदांत गैरसमज नेमका काय झाला, पूर्ण एक मिनिट तुम्ही काय केलं, शेवटची वीस सेकंद काय झालं. ‘काम’ हा भाग वेगळा सांगायची गरजच पडत नाही, तो परिस्थितीत मावतो.

पुस्तिकेतलं सतरावं उत्तर घ्या. उमेदवार टेस्ट इंजिनीअर आहे, टीम जर्मनीत, स्टुटगार्टला. उत्तराचा सारांश असा: सुरुवातीला संवादात अडचणी आल्या, मग मी त्यांची संस्कृती समजून घेतली, नियमित संवाद ठेवला आणि आमचे संबंध सुधारले. यात एकही क्रियापद असं नाही की जे कॅमेऱ्यात दिसेल. तेच उत्तर आम्ही असं लिहू (बोलायचं इंग्रजीतच, इथे फक्त मजकूर बघा):

“गुरुवारच्या कॉलवर तिकडच्या लीडने रिपोर्टची तारीख विचारली, शुक्रवार चालेल का म्हणाली. मी ‘येस, येस’ म्हणालो. मला म्हणायचं होतं ‘ऐकतोय’, तिने घेतलं ‘शुक्रवारी मिळेल’. शुक्रवारी रिपोर्ट गेला नाही आणि त्यांची सोमवारची रिव्ह्यू मीटिंग पुढे ढकलावी लागली. मी तिला फोन करून विचारलं, की माझ्या कुठल्या वाक्यावरून तुम्ही शुक्रवार धरलात? तेव्हा हे कळलं. तेव्हापासून प्रत्येक कॉलची शेवटची तीन मिनिटं मी राखून ठेवली. कोणतं काम, कोणाकडे, कधीपर्यंत, हे मोठ्याने वाचायचं आणि लगेच तीन ओळींचा मेल टाकायचा. तारीख नक्की नसेल तर ‘बघतो’ म्हणायचं नाही. ‘बुधवारी दुपारी दोनपर्यंत नक्की तारीख सांगतो’ असं म्हणायचं. पुढच्या दोन महिन्यांत आमची तारीख दोनदा हुकली, पण दोन्ही वेळा त्यांना ते आदल्या दिवशी माहीत होतं.”

शेवटचं वाक्य मुद्दाम तसं ठेवलंय. ‘त्यानंतर एकही तारीख हुकली नाही’ यावर कामाच्या जागी राहिलेला माणूस विश्वास ठेवत नाही. चुकीचा काही भाग आपल्याकडे घेतलाय, पण रडगाणं नाही. ‘मी तिला विचारलं’ हे वाक्य तर या उत्तराचा कणा आहे. गैरसमज कसा उलगडला ते त्यात दिसतं, अंदाजाने संस्कृतीवर ढकललेलं नाही. हे उत्तर तसंच्या तसं उचलू नका. दुसरा प्रश्न आला की उसन्या प्रसंगाचं पितळ लगेच उघडं पडतं.

आता रविवार.

सकाळचं सत्र भाषेवर होतं आणि दोन दिवसांत पैसे फिटले ते इथेच. शिकवणाऱ्या बाईंनी परदेशी कॉलवर पुष्कळ वर्षं काढली असणार, हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. त्यांचं म्हणणं साधं: आपण इंग्रजी बोलतो, पण मनातलं व्याकरण मराठी असतं, आणि अडतं ते बरोबर तिथेच.

पहिला शब्द ‘डाउट’. आपल्याकडे शाळेपासून डाउट म्हणजे शंका, प्रश्न. परदेशी कानाला ‘आय हॅव अ डाउट’ म्हणजे ‘तुमचं म्हणणं मला पटत नाही’ किंवा ‘यावर माझा विश्वास नाही’. मुलाखतीतच हा शब्द तोंडून गेला तर संस्कृतीवरचं पुढचं सगळं उत्तर पाण्यात. ‘क्वेश्चन’ म्हणा. मग ‘प्रीपोन’: आपल्याकडे रोजचा शब्द, बाहेर पुष्कळांनी ऐकलेलाही नसतो. ‘रिव्हर्ट’: आपण ‘उत्तर देतो’ या अर्थाने वापरतो, सॉफ्टवेअरच्या माणसाला मात्र ‘बदल मागे घेतला’ असं वाटतं. रात्री अकराला ‘आय विल रिव्हर्ट’ असा मेल गेला की पलीकडे धावपळ होऊ शकते. ‘डू द नीडफुल’चा अर्थ पलीकडच्याला लागतो, पण काय करायचं ते कळत नाही; कारण वाक्यात ते लिहिलेलंच नसतं.

‘हो’चा मुद्दा तर सगळ्यात नेमका मांडला. मराठीत समोरचा बोलत असताना आपण ‘हं’, ‘हो’, ‘बरं’ करत राहतो. त्याचा अर्थ ‘मी ऐकतोय, पुढे बोल’. जपानी माणसाचं ‘हाय’ही (म्हणजे त्यांचं ‘हो’) पुष्कळदा तेवढंच असतं. इंग्रजीत आपण त्या प्रत्येक ‘हं’चं ‘येस’ करतो आणि पलीकडचा ते कबुली म्हणून लिहून घेतो. मान हलवण्याचंही तेच. आपलं ते आडवं-उभं डोलणं व्हिडिओवर होकार वाटेल की नकार, याची खात्री नाही. बाईंनी दिलेला उपाय: ऐकताना ‘आय सी’ किंवा ‘गो ऑन’, आणि होकार द्यायचा असेल तेव्हाच ‘येस’, तोही पूर्ण वाक्यात. ‘येस, आय कॅन सेंड इट बाय फ्रायडे फोर पीएम युअर टाइम.’ सवय लागायला दोन-तीन आठवडे जातात, म्हणून मुलाखतीच्या आदल्या रात्री हे सुरू करण्यात अर्थ नाही.

त्यानंतर आकडे आणि घड्याळ. हा भाग जेमतेम वीस मिनिटांचा होता, तो तासाचा हवा होता. कारण फ्रेशरलाही स्वतःच्या अनुभवाशिवाय नेमकं काही सांगता येईल अशी जागा हीच. ०४/०५ म्हणजे आपल्याकडे आणि जर्मनीत चार मे, अमेरिकेत पाच एप्रिल. म्हणून मेलमध्ये महिना अक्षरात लिहावा. जर्मन कागदावर १.२५० म्हणजे एक हजार दोनशे पन्नास, आणि ०,०५ म्हणजे आपलं शून्य दशांश शून्य पाच. ड्रॉइंगवरची टॉलरन्स (मापात किती फरक चालेल तो आकडा) वाचताना ही चूक झाली तर पुढे फक्त भंगार तयार होतं. लाख-कोटी बाहेरच्या माणसाला समजत नाहीत. आणि आपण ज्याला बिलियन म्हणतो त्याला जर्मन माणूस ‘मिलियार्डं’ म्हणतो.

घड्याळात तर गंमतच आहे. मराठी माणसाला साडेआठ म्हणजे आठ वाजून तीस मिनिटं. जर्मन ‘हाल्प नॉइन’ शब्दशः ‘अर्धे नऊ’, पण वेळ तीच: साडेआठ. आणि इंग्लंडमधला माणूस ‘हाफ नाइन’ म्हणाला तर त्याला साडेनऊ म्हणायचे असतात. तिघं एका कॉलवर आले की कोणी तरी तासभर आधी येऊन बसणार. उपाय एकच, वेळ आकड्यांत लिहायची आणि पुढे कोणत्या शहराची ते लिहायचं.

त्यात त्यांच्याकडची उन्हाळी वेळ. आपली घड्याळं बारा महिने तशीच, जपानचीही. टोकियो कायम साडेतीन तास पुढे. युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं, अमेरिका मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. म्हणजे पुण्यात संध्याकाळी साडेसहाचा कॉल हिवाळ्यात स्टुटगार्टला दुपारी दोनला आणि डेट्रॉइटला सकाळी आठला पडतो, उन्हाळ्यात दुपारी तीन आणि सकाळी नऊला. मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि शरदातला एक आठवडा मात्र अमेरिकेचं एक आणि युरोपचं दुसरंच. तिन्ही शहरांचा कॉल त्याच दिवसांत फसतो. ‘मी दर मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये मीटिंगची आमंत्रणं पुन्हा तपासतो’ हे एक वाक्य पुस्तिकेतल्या चाळीसही उत्तरांपेक्षा जड आहे. ते ऐकून पॅनेलवरचा माणूस हसतो, कारण तोही कधी तरी त्यात अडकलेला असतो.

याच सत्रात गप्प बसण्यावर दहा मिनिटं दिली. जपानी सहकाऱ्याला प्रश्न विचारून दोन सेकंदांत उत्तर आलं नाही की आपण अस्वस्थ होतो आणि प्रश्न दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारतो. तो पहिल्याचं उत्तर जुळवत असतो, आता त्याच्यापुढे दोन प्रश्न. मनात पाचपर्यंत मोजा, असं सांगितलं, ते बरोबर आहे. जपानी कंपनीसाठी मुलाखत असेल तर ‘हो-रेन-सो’ हा शब्दही माहीत हवा: कळवणं, संपर्कात राहणं, सल्ला घेणं या तीन जपानी शब्दांचं ते संक्षिप्त रूप, आणि उच्चार पालकाच्या भाजीच्या जपानी नावासारखा. काम पूर्ण झाल्यावर सांगू, ही आपली सवय तिथे चालत नाही. अर्धवट असतानाच कळवत राहायचं असतं. शब्द फेकून छाप पाडू नये, पण ‘काम अडलं की मी किती तासांत कळवतो’ एवढं ठरवून जावं.

एक गोष्ट मात्र बाईंनीही टाळली. पुणेरी माणूस दुकानाच्या पाटीवर इतका थेट असतो की जर्मन माणसाने शिकवणी लावावी. तोच कॉलवर गेला की ‘वुई विल ट्राय अवर लेव्हल बेस्ट’ असं गुळमुळीत बोलतो. म्हणजे थेट बोलणं आपल्या संस्कृतीत नाही, हे खरं नाही. वरिष्ठासमोर आणि परक्या भाषेत ते आपल्याला जमत नाही, इतकंच. मुलाखतीत ‘भारतीय असल्याने मला नाही म्हणता येत नव्हतं’ असं सांगणारे उमेदवार भेटतात. हे सांगू नये. ते खोटं तर आहेच, शिवाय स्वतःचं काम देशावर ढकलणं आहे. नकाराचं वाक्य तयार ठेवावं, आणि त्यात तीन भाग असावेत: काय जमणार नाही, का जमणार नाही, त्याऐवजी काय जमेल. “शुक्रवारी पूर्ण रिपोर्ट होणार नाही, कारण दोन नमुन्यांची चाचणी बाकी आहे. आठपैकी सहा नमुन्यांचे निकाल शुक्रवारी देतो, उरलेले मंगळवारी.” हे वाक्य ह्यूस्टनला चालतं, ओसाकाला चालतं आणि आपल्या भोसरीच्या कारखान्यांतही चालतं.

भोसरीवरून आठवलं. दोन दिवसांत ‘संस्कृती’ म्हणजे फक्त परदेश, असंच धरून चालले होते. हा मोठा दोष, कारण बॅचमधल्या निम्म्या जणांनी परदेशी सहकारी पाहिलेलाच नव्हता, आणि त्यांना सांगितलं गेलं ते ‘कल्पना करून सांगा’. अहो, कल्पना कशाला? लाइनवरचा बिहारचा ऑपरेटर, चेन्नईहून आलेला क्वालिटीचा माणूस, वीस वर्षं मशीन चालवलेले आणि इंग्रजी न येणारे काका, वसतिगृहातली मणिपूरची रूममेट, हे सगळं याच प्रश्नाचं उत्तर आहे. पुण्यात १९७१ साली सिम्बायोसिसची सुरुवातच परदेशी विद्यार्थ्यांना आधार म्हणून झाली. या शहरातल्या कॉलेजांत परदेशी वर्गमित्र काही दुर्मीळ नाहीत. पॅनेलला पासपोर्टवरचे शिक्के नको असतात, फरक ओळखता आला का ते हवं असतं. ‘शिफ्ट बदलताना सूचना हिंदीत सांगितल्या जायच्या, दोघा जणांना त्या अर्ध्याच कळायच्या. आम्ही तोंडी सूचनेऐवजी बोर्डावर चित्र आणि आकडे लावले, आणि प्रत्येकाकडून एकदा करून दाखवून घेतलं.’ एवढं उत्तर फ्रेशरलाही देता येतं. ‘समजलं का?’ विचारलं की सगळे हो म्हणतात. ‘करून दाखव’ म्हटलं की खरं कळतं. हे तर संवादाचं अख्खं शास्त्र झालं, आणि त्यासाठी जर्मनी लागत नाही.

रविवारी दुपारी सराव-मुलाखती. अठरा जण, प्रत्येकी बारा मिनिटं, म्हणजे साडेतीन तासांहून जास्त. चहा गृहीत धरला तर पाच वाजता संपणं शक्यच नाही. संपलं साडेसहाला. बारा मिनिटांत तीन प्रश्न, मग दोन मिनिटं अभिप्राय. व्हिडिओ रेकॉर्ड करून देतात, हे उत्तम. घरी जाऊन आपलंच उत्तर आवाज बंद करून एकदा आणि डोळे मिटून एकदा बघावं-ऐकावं. पहिल्यात मान किती डोलते ते दिसतं, दुसऱ्यात ‘बेसिकली’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ मोजता येतात.

अभिप्रायाचा फॉर्म मात्र अगदीच बाळबोध. आत्मविश्वास, नजर, हास्य, पेहराव, इंग्रजी, प्रत्येकी पाच गुण. उत्तरात काय होतं याला गुणच नाहीत. आणि पॅनेलवरच्याच्या डोळ्यांत एकटक बघण्याचा आग्रह संस्कृतीवरच्या कार्यशाळेत! टोकियोच्या मॅनेजरला ते खटकू शकतं. व्हिडिओवर मुलाखत असेल तर ‘नजर’ म्हणजे कॅमेरा. लॅपटॉप दोन-तीन पुस्तकांवर ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणा आणि समोरच्याची खिडकी कॅमेऱ्याच्या अगदी खाली ओढून ठेवा, एवढं सांगितलं तरी पुरे.

या सरावात खरी उणीव होती ती उपप्रश्नांची. उमेदवार उत्तर देतो, बाई ‘गुड’ म्हणतात, पुढचा प्रश्न. मुलाखतीत असं होत नाही. खरी परीक्षा पहिलं उत्तर संपल्यावर सुरू होते: तुम्ही असं केलंत हे तिला कसं कळलं? ती काय म्हणाली, तिच्याच शब्दांत सांगा. यात तुमची चूक कुठली? तुमच्या मॅनेजरला हे कधी कळलं? तीच परिस्थिती ब्राझीलच्या टीमबरोबर आली असती तर तेच केलं असतं? यातला शेवटचा प्रश्न सापळा आहे. ‘हो’ म्हणाल तर शिकलात काय, आणि ‘ब्राझीलचे लोक असे असतात’ म्हणाल तर पुन्हा अकराव्या पानावर. चालणारं उत्तर: शेवटची तीन मिनिटं वाचून दाखवणं तसंच ठेवलं असतं, पण पहिल्या आठवड्यात एकाला विचारलं असतं की तारीख हुकणार असेल तर तुम्हाला कसं आणि किती आधी कळलेलं आवडतं. पाठ केलेली उत्तरं दुसऱ्या उपप्रश्नाला कोलमडतात. स्वतःच्या प्रसंगावरचं उत्तर चौथ्यालाही टिकतं. म्हणून चाळीस उत्तरं पाठ करण्यापेक्षा तीन प्रसंग उकरून काढावेत: एक गैरसमजाचा, एक नकाराचा, एक अशा माणसाचा ज्याची पद्धत तुम्हाला आधी चुकीची वाटली आणि नंतर बरोबर निघाली. प्रश्न कुठल्याही रूपात आला तरी तिघांपैकी एक बसतो.

हा उपप्रश्नांचा सराव फुकटातही होतो. चॅटबॉटला ‘माझ्या उत्तराचं कौतुक करू नकोस, फक्त एकेक उपप्रश्न विचार, पाच झाले की थांब’ असं सांगून उत्तर बोलून द्यावं, टाइप करून नव्हे. टाइप केलेलं उत्तर नेहमीच जास्त हुशार निघतं. मात्र चॅटबॉटने लिहून दिलेलं उत्तर घेऊ नये. ‘आय रिस्पेक्ट ऑल कल्चर्स’ची गोडी त्यालाही आहेच. त्याहून चांगलं म्हणजे दुसऱ्या खात्यातला मित्र, ज्याला तुमच्या कामातलं काही कळत नाही. त्याला जे कळलं नाही, ते एचआरलाही कळणार नाही.

पैसे खर्च करायचेच असतील आणि जर्मन किंवा जपानी कंपनी नक्की असेल, तर हाताशी चार-सहा महिने असणाऱ्याने भाषेचा पहिला टप्पा करावा. बोट क्लब रोडवरचं जर्मन शिकवणारं मॅक्सम्युलर भवन आणि फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, दोन्ही पुणेकरांच्या ओळखीच्या जागा. तेवढ्याने जर्मनमध्ये मुलाखत देता येणार नाही. पण परक्या भाषेत चाचपडताना समोरच्याने हळू, तुटक, आकडे लिहून बोललेलं किती बरं वाटतं ते कळतं, आणि हा अनुभव मुलाखतीत खरेपणाने सांगता येतो. ज्याची मुलाखत पंधरा दिवसांवर आहे त्याला अर्थात याचा काही उपयोग नाही.

किरकोळ गोष्टी: जेवण बरं, खोलीत एसी जास्त, दुचाकी लावायला जागा नाही, त्यामुळे बसने किंवा मेट्रोने यावं. पुस्तिका फक्त छापील, पीडीएफ मागूनही मिळाली नाही. प्रमाणपत्र मिळतं, ते बायोडेटात लिहू नका, कोणी विचारत नाही आणि विचारलं तर उत्तर नाही.

ज्याला नोकरीत दोन-तीन वर्षं झालीत, प्रसंग आहेत पण मांडता येत नाहीत, त्याने जावं. फ्रेशरने जावं, पण आधी वसतिगृह, प्रोजेक्ट, इंटर्नशिप यातले तीन प्रसंग कागदावर लिहून. दहा वर्षं परदेशी टीमबरोबर काढलेल्याने जाऊ नये, तो तिथे शिकवायला लागेल. नाव नोंदवण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात: भाषेचं सत्र कोण घेतं, सराव-मुलाखतीत उपप्रश्न विचारतात का, बॅच बारापेक्षा लहान करता येते का. आणखी एक, जे त्यांच्या जाहिरातीत नाही: नुसता रविवार मागितला तर २,८०० रुपयांत देतात. शनिवारची पुस्तिका तेव्हाही हातात ठेवतातच.